कुरुंद, शिकलगार आणि पायगाडी

कुरुंद हा शब्द मराठींत दोन ठिकाणीं कानीं येतो: एकदां कृष्णाकांठच्या कुरुंदवाड या गांवाच्या नांवांत आणि एकदां शिकलगाराच्या दुकानांत. शिकलगाराचा कुरुंद म्हणजे एक खनिज. काठिण्यांत निसर्गांतील खनिजांमध्यें हिऱ्याच्या खालोखाल त्याचाच क्रम लागतो. माणीक व नीळ हीं रत्नें म्हणजे त्याचींच निर्मळ, रंगीत रूपें होत. इंग्रजींतील ‘कोरंडम’ हें नांवहि दक्षिण हिंदुस्थानांतील भाषांमधूनच तिकडे गेलें आहे. या खनिजाची भुकटी लाखेंत कालवून तिचें चाक बनवावें आणि त्यावर तरवारीला, कात्रीला, विळीच्या पात्याला धार व चकाकी आणावी, ही विद्या या देशांत फार जुनी आहे. झिजलेल्या व गंजलेल्या पायगाडीचे धातूचे भाग घरच्या घरीं उजळून पुन्हां कामास लावणें हा आज एक किरकोळ छंद वाटतो. परंतु त्याचा इतिहास याच भुकटीपाशीं येऊन पोंचतो.

कुरुंदवाड हें कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांतील गांव. कृष्णा व पंचगंगा यांचा संगम येथून जवळ, आणि संगमावरील नृसिंहवाडीचें दत्तक्षेत्र तर अगदीं शेजारचें. अठराव्या शतकांत हें गांव पटवर्धन घराण्याच्या एका शाखेकडे आलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संस्थानाच्या थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या आणि १९४८ मध्यें त्या दोन्ही मुंबई प्रांतांत विलीन झाल्या. ग्रेट इंडियन सर्कस काढून १८८० मध्यें हिंदी सर्कशीचा पाया घालणारे विष्णुपंत छत्रे हे कुरुंदवाडकर संस्थानिकांच्या पदरीं अश्वशिक्षक होते. जेथें पागा तेथें खरारा जसा रोजचा, तशीच लगामाची कडी, रिकीब, खोगिराचीं पितळी बकलें यांची घासपूसहि रोजची. वाहनाचा धातु उजळ ठेवणें हें वाहन सांभाळण्याचेंच एक अंग आहे, ही समजूत पायगाडी येण्यापूर्वींच अशा गांवांतून मुरलेली होती.

शस्त्रें उजळण्याचें काम शिकलगारांचें. हा शब्द अरबी ‘सैकल’ म्हणजे जिल्हई, झळाळी, यापासून आला. सैकल करणारा तो सैकलगर, आणि मराठींत तो शिकलगार झाला. ‘सायकल’ या शब्दाशीं त्याचें ध्वनिसाम्य आहे, नातें मात्र नाहीं. सायकल या शब्दाचें मूळ ग्रीक भाषेंत आहे आणि संस्कृत ‘चक्र’ हा त्या ग्रीक शब्दाचा सख्खा भाऊबंद होय. तेव्हां पायगाडीचें इंग्रजी नांव जितकें परकें वाटतें तितकें तें नाहीं, आणि शिकलगाराचें अगदीं घरचें वाटणारें नांव मात्र दूर देशाहून आलेलें आहे. पुढें शस्त्रांचे दिवस संपले. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर तरवारीचें काम आटलें आणि कात्र्या, सुऱ्या, कुलुपें, विळे यांवरच शिकलगाराचा चरितार्थ चालूं लागला. हात तेच राहिले, चाकहि तेंच राहिलें. चाकापुढें धरावयाच्या वस्तु तेवढ्या बदलल्या.

त्या सुमारास इंग्लंडमध्यें एक नवें वाहन आकारास येत होतें. जॉन केंप स्टार्ले यानें १८८५ मध्यें कॉव्हेंट्री येथें दोन सारख्या चाकांची व मागचें चाक साखळीनें फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारांत आणली. १८८८ मध्यें डनलॉप यानें हवेच्या धावेची युक्ति काढली. त्याच १८८८ सालीं कुरुंदवाडच्या दक्षिणेस बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आपले बंधु रामूअण्णा यांच्यासह सायकलींचें दुकान काढलें. लक्ष्मणराव तेव्हां मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रांचीं चित्रें काढावयास शिकवीत. चित्रकार होण्यासाठीं ते मुंबईस गेले होते, पण कांहीं रंग त्यांस नीट ओळखूं येत नसल्यामुळें तो मार्ग त्यांस सोडावा लागला होता. मुंबईंत सायकली घेऊन ते बेळगांवीं पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. एका सायकलीस सातशें ते हजार रुपये पडत आणि ती चालविण्यास शिकविण्याची फी पंधरा रुपये असे.

एवढ्या मोलाचें वाहन बिघडलें म्हणून कोणी टाकून देत नसे. दुकानाबरोबर दुरुस्ती आली. दुरुस्ती म्हणजे झिजलेला भाग हातांत घेऊन तो कां झिजला, किती झिजला आणि अजून किती चालेल, याचा निवाडा करणें. लक्ष्मणराव १८९७ मध्यें नोकरी सोडून बेळगांवास आले. सायकलीमागून कडबा कापण्याचें यंत्र आलें आणि त्यामागून लोखंडी नांगर. लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीमुळें त्या नांगरास गिऱ्हाईक मिळावयास दोन वर्षें लागलीं. १९१० मध्यें औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर कारखाना गेला आणि तेथें किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाराष्ट्रांतील एका मोठ्या यंत्रोद्योगाचा पहिला धडा अशा रीतीनें सायकलीच्या दुकानांत गिरविला गेला. लोखंड कसें झिजतें हें ज्यांनीं दुरुस्तीच्या बांकावर पाहिलें, त्यांनींच पुढें शेतकऱ्यासाठीं लोखंड ओतलें.

कुरुंदवाडास रेल्वे नाहीं. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्यें सुरू झाला तेव्हां या गांवास जवळचें स्टेशन शिरोळ रोड हें होतें. पुढें तेथेंच जयसिंगपूर वसलें. स्टेशनावर, कचेरींत, हायस्कुलांत, मळ्यावर जावयाचें तर अंतर पायीं चालण्यास जास्त आणि गाडी जुंपण्यास कमी, अशा जागीं पायगाडीचा उपयोग सर्वांत अधिक. किंमती उतरल्या तशी ती वकील-डॉक्टरांकडून मास्तर, कारकून, दूधवाले व शेतकरी यांच्या घरीं आली. घरांत आली म्हणजे तिची निगाहि घरांतल्या रीतीनेंच होऊं लागली, आणि येथेंच एक घोटाळा झाला.

मराठी घरांत धातु म्हटला कीं तांबें व पितळ. ते चिंचेनें, लिंबानें, मिठानें, राखेनें, रांगोळीनें घासावे, ही पिढीजात विद्या. ती शास्त्रशुद्धहि आहे, कारण चिंचेंतील आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवितें. परंतु सायकल पितळेची नसते. तिचा सांगाडा पोलादाच्या नळीचा आणि त्यावर भट्टींत भाजलेला काळा रंग. हँडल, क्रँक, चाकांच्या कडा व घंटी यांवर मुलामा. आरंभीं हा मुलामा निकेलचा असे. विजेच्या प्रवाहानें निकेल चढविण्याची व्यापारी रीत अमेरिकेंत आयझॅक ॲडम्स यानें १८६९ च्या सुमारास रूढ केली. १९२० नंतरच्या दशकांत क्रोमियमचा मुलामा व्यवहारांत आला आणि लवकरच सायकलींवरहि दिसूं लागला. निकेलची झांक किंचित् पिवळसर व उबदार, तर क्रोमियमची निळसर व थंड. जुनी सायकल ओळखण्याची ही सोपी खूण आहे. क्रोमियम निकेलच्या थरावरच चढवितात, आणि तो थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनहि पातळ असतो.

या मुलाम्याचें एक वैगुण्य लक्षांत घेतलें पाहिजे. तो आहे तोंवर लोखंडास पाणी लागत नाहीं. पण त्याला सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें तर तेथील लोखंड उघड्या लोखंडापेक्षांहि लवकर गंजतें, कारण निकेल व लोखंड यांच्यामध्यें ओलाव्यांत विद्युत्क्रिया सुरू होते व तिचा सारा भार त्या एका बिंदूवर पडतो. गंज लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. म्हणून तो मुलाम्याला आंतून उचलतो आणि पापुद्रे सुटतात. अशा हँडलास चिंच व मीठ लावून घासलें म्हणजे तें दोन दिवस लखलखतें. पण आम्ल व मीठ छिद्रांतून आंत शिरतात आणि पुढच्या पावसाळ्यांत गंज दुप्पट होऊन बाहेर येतो. विटकरीच्या भुकटीचा परिणाम तर याहून वाईट. जुन्या सायकलींचे निकेल चढविलेले पितळी दिवे पाहावेत. त्यांच्या उंच कडांवर पिवळें पितळ उघडें पडलेलें दिसतें आणि खोलगट भागीं निकेल अजून शाबूत असतें. जेथें घासणाऱ्याचें बोट रोज पोंचलें तेथला मुलामा गेला. जेथें आळस झाला तेथला वांचला.

यांत या विद्येचें सारें मर्म आलें. चकाकी आणणें म्हणजे धातु झिजविणेंच होय. खरखरीत पृष्ठभागाचे उंचवटे खरवडून काढले कीं प्रकाश एका दिशेनें परततो आणि वस्तु आरशासारखी दिसते. प्रत्येक वेळीं थोडा धातु जातो. शिकलगारास हें ठाऊक होतें. तरवारीचें पातें किती वेळां चाकास लागलें हें तो तिच्या पाठीच्या जाडीवरून ओळखी. पायगाडीच्या मालकास पहिला प्रश्न हाच पडावयास हवा: जें घासावयाचें तें किती शिल्लक आहे?

या प्रश्नाच्या उत्तरावरून रीत ठरते. आधीं लोहचुंबक लावून पाहावा; चिकटला तर आंत लोखंड आहे, न चिकटला तर बहुधा पितळ किंवा ॲल्युमिनियम. मग घासण्यापूर्वीं धुणें. साबणाचें कोमट पाणी व जुना कुंचला यांनीं धूळ प्रथम गेली पाहिजे, कारण धुळींतील वाळूचे कण मुलाम्यावर ओरखडे काढतात. साखळी, फ्रीव्हील व पायडल यांवरचा जुना घट्ट वंगणाचा थर रॉकेलमध्यें रात्रभर भिजवून सुटतो. क्रोमियमवर गंजाचे ठिपके असतील तर ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख चुरगळून, पाण्यांत बुडवून, हलक्या हातानें फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमियमहून मऊ असल्यामुळें मुलामा ओरखडत नाहीं, गंज मात्र निघतो. निकेलला इतकाहि जोर नको. मऊ फडकें व पॉलिशचें बारीक मलम पुरे. जेथें मुलामा मुळींच उरला नाहीं, तेथें कुरुंदाच्या कागदाचा उपयोग करावा; प्रथम जाड, मग बारीक, शेवटीं तेल लावून अतिबारीक. प्रत्येक कागदानें मागच्या कागदाचे ओरखडे पुसले पाहिजेत. मधली पायरी गाळली तर ते ओरखडे चकाकींतूनहि दिसत राहतात.

उघडें पडलेलें लोखंड तसेंच ठेवूं नये. आम्लानें गंज काढला असेल तर सोड्याच्या पाण्यानें धुऊन, लगेच पुसून, उन्हांत तापवून त्यावर तेलाचा हात फिरविला पाहिजे. एक रात्र गेली तरी लाल छटा परत येते. तेल कोणतें हाहि प्रश्न आहे. या भागांतल्या स्वयंपाकघरांत करडईचें व शेंगदाण्याचें तेल असतें. करडईचें तेल हवेंत वाळून वार्निशासारखा चिकट थर बनतो. तो वरून चालेल, पण साखळींत व आंसांत गेला तर चाक जड होतें. शिवणयंत्राचें पातळ तेल साखळीस आणि घट्ट वंगण आंसास, ही वांटणी योग्य.

आतां सायकलीच्या आंतल्या बाजूकडे वळलें पाहिजे, कारण खरी परीक्षा तेथें आहे. चाकाच्या तुंब्यांत व क्रँकच्या आंसापाशीं पोलादी वाट्या व कोन असतात आणि त्यांच्यामध्यें छरे फिरतात. या वाट्या व कोन यांचें पोलाद आंतून तुलनेनें मऊ ठेवून वरची कातडी तेवढी कठीण केलेली असते. मऊ गाभा धक्के सोसतो, कठीण कातडी घर्षण सोसते. वंगणांत वाळूचा बारीक कण शिरला कीं तेल व वाळू मिळून घासण्याचें मलमच तयार होतें. बाहेर ज्या क्रियेनें हँडल उजळतें, त्याच क्रियेनें आंत कोनाची कातडी खरवडली जाते व तिला खळगे पडतात. असा खळगे पडलेला कोन घासून चकचकीत करतां येतो. तो दिसतो नवा, पण कातडी गेल्यामुळें थोड्याच दिवसांत बसतो. म्हणून त्यास उजळूं नये, बदलावा. छरेहि एकेक न बदलतां सगळे एकदम बदलावेत, कारण जुन्यांत एखादा नवा घातला तर झिजेच्या फरकामुळें सारा भार त्या एकावर येतो. हँडल, घंटी, मडगार्ड हे भाग झिजेची खूण अंगावर बाळगूनहि काम देतात. कोन, वाटी, छरे देत नाहींत. कोणत्या भागाची सेवा करावी आणि कोणत्याचा निरोप घ्यावा, हें ज्यास कळलें त्यास पायगाडी कळली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हें ज्ञान चैनीचें न राहतां गरजेचें झालें. विलायती सुट्या भागांची आवक आटली आणि हिंदुस्थानांतील कारखाने नुकतेच कोठें उभे राहत होते. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. मद्रासेस टी. आय. सायकल्स १९४९ मध्यें निघाली, सोनिपत येथें ॲटलास १९५१ मध्यें आणि लुधियान्यास हिरो १९५६ मध्यें. भाग मुबलक व स्वस्त झाले. ही उद्योगाची मोठी प्रगति खरीच. परंतु तिच्याबरोबर घरांतल्या निवाड्याची संवयहि सुटत गेली. नवा भाग मिळतो तेथें जुना किती चालेल हें पाहण्याची तसदी कोण घेणार? पुढें मोटारसायकली आल्या आणि पायगाड्या माडीखालीं, गोठ्यांत, परसांत जाऊन उभ्या राहिल्या.

तेथें त्यांची गांठ पाण्याशीं पडली. नृसिंहवाडीस कृष्णेचें पाणी चढून दत्तपादुकांवरून वाहूं लागलें म्हणजे दक्षिणद्वाराचा सोहळा होतो आणि लोक त्यांत स्नानास धांवतात. तेंच पाणी त्याहून वर चढलें म्हणजे शिरोळ तालुक्यांतलीं घरें रिकामीं करावीं लागतात. २००५, २०१९ व २०२१ या वर्षांच्या महापुरांनीं हें दाखवून दिलें. पूर ओसरल्यावर घराबाहेर जो ढीग लागतो त्यांत गाद्या, धान्य, वह्या यांबरोबर जुनी सायकलहि असते. चिखलानें माखलेली ती सायकल पाहून तिचें आतां कांहीं होणार नाहीं असें वाटतें, आणि ती वजनावर भंगारांत जाते. कित्येकदां ती वडिलांची असते, आणि ज्या नोकरीवर घर उभें राहिलें त्या नोकरीस ते तिच्यावरूनच गेलेले असतात.

अशा वेळीं जुन्या विद्येचा खरा उपयोग आहे. पुराच्या पाण्यांतून निघालेल्या सायकलीचा गंज वरून जितका भयंकर दिसतो तितका तो बहुधा खोल गेलेला नसतो. वरची तांबूस धूळ पुसली कीं खालचें पोलाद बहुतेक शाबूत निघतें. धोका आहे तो तुंब्यांत शिरलेल्या गाळाचा. म्हणून पहिल्या दिवशीं हँडल उजळीत बसण्यापेक्षां चाकें सोडवून, आंस उघडून, गाळ रॉकेलनें धुऊन काढावा. तें होईपर्यंत चाक फिरवूंहि नये, कारण एकेका फेऱ्यागणिक तो गाळ कोनाची कातडी खात असतो. सीटाच्या नळींत सांचलेलें पाणी सायकल उलटी करून ओतून टाकावें. बाहेरून धडधाकट दिसणारा सांगाडा त्याच पाण्यानें आंतून सडतो. झळाळीचें काम दसऱ्यापर्यंत थांबलें तरी चालतें. दसऱ्यास शस्त्रांबरोबर अवजारांची व वाहनांची पूजा करण्याची चाल आहेच.

पुण्यास कर्वेनगरांत विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. तें २०१७ मध्यें लोकांस खुलें झालें आणि तेथें दीडशेंहून अधिक जुन्या सायकली नीट करून मांडल्या आहेत. तें पाहून घरच्या सायकलीस हात घालण्याची हुरूप अनेकांस येते. ती चांगलीच, मात्र संग्रहालयांतील सायकल पाहावयाची असते आणि घरची चालवावयाची. घरच्या सायकलीचें हँडल थोडें काळपट राहिलें, क्रँकवर जुन्या निकेलचे तुकडे राहिले, तरी त्यांत उणेपणा नाहीं. उरलेला मुलामा हा तिच्या आयुष्याचा उरलेला ऐवज आहे; एका सणाच्या चकाकीसाठीं तो खर्चून टाकूं नये. चाक हातानें फिरवून सोडलें असतां तें आवाज न करतां बराच वेळ फिरत राहिलें आणि थांबतांना व्हाल्व्हच्या भारानें सावकाश मागेंपुढें झुललें, म्हणजे दुरुस्ती झाली असें समजावें.